दगडावर लिहिलंय

लातूरहून नांदेडला निघालो तेव्हा सायकली पुढे ट्रकमध्ये आणि आम्ही मागे बसमध्ये होतो. माझी सायकल मला अजून दुरून ओळखू येत नव्हती. शर्यतवाल्यांनी तीन दिवसांपुरती दिलेली, जाड टायरची, गिअरची. माझी खरी सायकल घरी भिंतीला टेकून होती. तिच्या हँडलला डबे अडकवायचे आकडे आहेत. आमची खानावळ आहे आणि क्लासच्या पोरांचे डबे पोचवायचं काम बारा वर्षं माझ्याकडे आहे.

शर्यत नांदेड ते लातूर, पण डांबरी रस्त्याने थोडी आणि पाणंदीने (शेतातून जाणारी गाडीवाट) जास्त. खेड्यांतून लातूरला शिकायला येणाऱ्या मुलींचं वसतिगृह अर्धवट राहिलं होतं, त्याच्यासाठी देणग्या गोळा करायच्या होत्या. बायकांमध्ये तीन दिवसांची मिळून जिची वेळ सगळ्यांत कमी भरेल, तिचं नाव वसतिगृहातल्या एका खोलीच्या दारावर लिहिणार होते. माझं शिक्षण चौथी. हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. पण मी कुणाजवळ बोलले नाही.

बसमध्ये शेजारी सुनीता होती, माझी धाकटी बहीण. ती लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. जी पोरं माझा डबा खातात, तीच तिच्यासमोर वह्या उघडून बसतात. तिला मॅडम म्हणतात, मला मावशी. शर्यतीत माझं नाव तिनेच घातलं होतं. "आक्का, तुझ्या पायात हाय तेवढा दम एकीच्याबी पायात न्हाई," असं म्हणाली होती. तिची सायकल तिची स्वतःची, निळी. तिच्याबद्दल मला काय वाटतं ते सांगून टाकते. तिचं चांगलं झालेलं मला बघवत नाही. ती माझ्याशी कधी वाईट वागलेली नाही, त्यामुळे जास्तच बघवत नाही.

भूकंप झाला तेव्हा मी चौथी पास होऊन घरी होते, कारण गावात शाळा तेवढीच होती. सुनीता पहिलीत होती. आई गेली. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा एका संस्थेच्या बाई आल्या. एका घरातली एकच मुलगी त्या शिकायला नेणार होत्या. त्यांनी आधी मला विचारलं, कितवीत आहेस. मी आबांच्या, आमच्या वडिलांच्या, मागे लपले. सुनीता पुढे झाली आणि म्हणाली, मी पहिलीत हाय, मला सगळं येतंय. बाई हसल्या आणि त्यांनी तिचा हात धरला.

नांदेडला गोदावरीच्या पुलाजवळून सकाळी आम्हाला सोडलं. पुरुष आधी, आम्ही सात बायका तासाभराने. पाण्यावर धुकं होतं आणि बोटं गार पडली होती. शहर मागे पडलं तसा काळ्या रानातला हिरवा हरभरा दिसायला लागला, मध्येच करडईची काटेरी पिवळी फुलं. तूर काढणीला आली होती. माळाकोळीच्या बाजूला चढ लागला. तिथे मी तिघींना मागे टाकलं. डब्यांचं ओझं नसताना सायकल किती हलकी असते ते मला त्या दिवशी कळलं.

चढावरच माझी ओढणी साखळीत गेली. मी कंबरेला घट्ट बांधली होती, तरी सुटली. ओढून निघेना. शेजारच्या रानात तूर कापणारी एक बाई विळा घेऊनच आली आणि तिने न विचारता ओढणी कापली.

"कुणीकडं निघालाव?" तिने विचारलं.

लातूरला, म्हणाले.

"येष्टी बंद हाय का?"

नाही, चालू आहे, म्हटल्यावर तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि अर्धी ओढणी माझ्या हातात ठेवून परत रानात गेली. तेवढ्यात सुनीता पुढे निघून गेली होती.

पहिला मुक्काम अहमदपूरच्या एका शाळेत होता. सुनीताचे जुने विद्यार्थी गेटवर हार घेऊन उभे होते. त्यातला एक डॉक्टर झाला होता. तो तिच्या पाया पडला. मी नळावर पाय धुऊन पंगतीकडे गेले तर वाढणाऱ्या माणसाने म्हटलं, "मावशी, कवापासून हाका मारायलोय, वरणाचं बघा की." आणि माझ्या हातात पळी दिली. मी शर्यतीतली आहे असं सांगायला तोंड उघडलं नाही. निम्मी पंगत मी वाढली. सुनीताच्या पानाशी आले तेव्हा तिने वर बघितलं, उठली, माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि त्या माणसाला माझं नाव सांगितलं. सगळे बघायला लागले. मला तिचा आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी शिरूर अनंतपाळ गाठायचं होतं. वाट सगळी धुळीची. बैलगाडीच्या चाकोरीत चाक बसलं की बाहेर निघत नाही, असं दोनदा पडले. दुपारी एका विहिरीच्या कठड्यावर बसून मी घरून आणलेले धपाटे खाल्ले. सुनीता पाकिटातलं काहीतरी गोड चघळत होती. तिने माझ्या फडक्यातला एक धपाटा उचलला आणि म्हणाली, आईच्या हातचे असेच व्हायचे का. मी म्हणाले, असतील. तिला आईची चव आठवत नाही हे मला माहीत आहे. मला आठवते. ती आठवण मी तिला कधी दिलेली नाही.

त्या संध्याकाळी वेळा वाचून दाखवल्या. सुनीता पहिली, मी दुसरी. आमच्यात अकरा मिनिटांचं अंतर होतं. सुनीता गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. ती म्हणाली, "आक्का, उद्या आपलं गाव लागतंय. मी रानाकडून कधी आलेच न्हाई बघ."

खरं होतं. ती वसतिगृहातून सुट्टीला यायची ती डांबरी रस्त्याने, थेट नव्या गावात. आमच्या गावाची दोन ठिकाणं आहेत. भूकंपात पडलेलं ते जुनं गाव. तिथे आता येड्या बाभळी आहेत. सरकारने दोन-अडीच किलोमीटरवर घरं बांधून दिली ते पुनर्वसन. नाव दोन्हीचं एकच. तिसऱ्या दिवशी पाणी आणि कार्डावर मारायचा शिक्का त्या नावाच्या गावात होता, म्हणजे पुनर्वसनात. शर्यतीच्या कागदावर फक्त गावाचं नाव होतं.

सकाळपासून मी जीव तोडून चालवत होते, तरी सुनीता दिसेल एवढी पुढेच राहिली. उन्हं वर आली तेव्हा आमच्या शिवाराची ओळखीची माती लागली. फाट्यावर सुनीता थांबली होती. तिथे शर्यतवाल्यांनी फक्कीचा (चुन्याच्या पांढऱ्या भुकटीचा) बाण काढला असणार, पण मधल्या काळात मेंढरं गेली होती. धुळीत खुरांशिवाय काही उरलं नव्हतं. डाव्या वाटेच्या तोंडाशी जुना दगड होता. त्यावर आमच्या गावाचं नाव आणि बाण. भूकंपाच्या आधीचा दगड. तो जुन्या गावाकडे दाखवतो. पुनर्वसनाची वाट उजवीकडची, तिला पाटी नाही.

"आक्का, हिकडंच ना?" तिने डावीकडे हात केला.

मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. मग म्हणाले, "दगडावर लिहिलंय की."

ती हसली आणि डावीकडे गेली. मी साखळी बघायचं नाटक करत खाली बसले. ती बाभळीत दिसेनाशी झाली तेव्हा उठले. बाकीच्या पाच बायका मागून येत होत्या. त्या चुकू नयेत म्हणून मी टाचेने धुळीत उजवीकडे बाण काढला. मोठा काढला. मग निघाले.

पुनर्वसनात सरळ रस्ते, सारखी घरं, तीच पाण्याची टाकी. लग्न होईपर्यंत मी तिथे आबांना भाकरी करून घातली होती. मंडपातल्या बाईने माझ्या कार्डावर शिक्का मारला आणि मॅडम कुठे राहिल्या म्हणून विचारलं. येतील मागून, म्हणाले. पुढे औशापर्यंत मी एकदाही मागे बघितलं नाही. औसा ते लातूर रस्त्यावर मोठ्या गाड्यांचा वारा अंगावर येत होता. लातूर जवळ आलं तसे क्लासचे बोर्ड सुरू झाले, पहिल्या आलेल्या पोरापोरींचे ओळीने फोटो. एका बोर्डावर शिकवणाऱ्यांत सुनीताचाही होता. त्याच्या खालून मी पुढे गेले.

सुनीता चाळीस मिनिटांनी आली. केसांत धूळ, गालावर ओघळ. माझं नाव पुकारून झालं होतं. मला वाटलं ती सगळ्यांसमोर विचारेल. तिने मला बाजूला नेलं.

"एक म्हातारी शेळ्या राखत व्हती," ती म्हणाली. "तिनं आपलं घर दावलं. चिंचेखाली. मी बसले थोडा वेळ. हरले तर हरले, आक्का, घर तरी बघितलं."

आमचं घर चिंचेखाली नव्हतं. मारुतीच्या मागे होतं. ती कुणाच्या तरी भलत्याच घराच्या दगडावर बसून रडली होती. आणि मी एवढी वर्षं दोन-अडीच किलोमीटरवर राहून एकदाही तिकडे गेले नव्हते. माझ्या हातात फुलांचा गुच्छ होता, तरी माझ्या पोटात दुखलं.

खोलीवर नाव पंधरा दिवसांनी रंगवलं. मी डबे देऊन येताना बघून आले. पूर्ण नाव, निळ्या रंगात, एकही चूक नाही. तिथे उभी राहून दोनदा वाचलं. मग सुनीताला फोन केला आणि क्लासला सुट्टी कधी आहे ते विचारलं.

आम्ही दोघी एसटीने गेलो. फाट्यापासून चालत. दगडाजवळ ती थांबली आणि म्हणाली, "माघारी येताना मी बाण बघितला, आक्का. टाचेचा. इथं तुझ्याबिगर कुणी थांबलंच नव्हतं." एवढंच बोलून पुढे चालायला लागली.

मारुतीच्या मागे दगडांचा ढीग आणि सीताफळाचं झाड आहे. मी तिला सगळं दाखवलं. चूल, रांजण, दार कुठल्या अंगाला होतं ते. आई चुलीजवळ कशी बसायची ते बसून दाखवलं. शेवटी जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. गणपती विसर्जनाहून आल्यावर आईने सुनीताला कुशीत घेतलं म्हणून मी रुसून बाहेर ओट्यावर झोपले होते. पहाटे घर पडलं. आबांनी सुनीताला काढलं ते आईच्या पोटाखालून. आई तिच्यावर ओणवी झाली होती. सुनीताच्या अंगावर खरचटलंसुद्धा नव्हतं.

"मला वाटायचं, ती जागा माझी व्हती," मी म्हणाले.

सुनीताने ढिगावर हात ठेवला. मग म्हणाली, "रुसलीस म्हणून वाचलीस की गं."

हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आम्ही उठलो. तिने ढिगातला एक लहान दगड उचलून पर्समध्ये घातला. मला तो दगड आधी दिसायला हवा होता, असं वाटलंच.

परतीच्या गाडीत दोघींच्या सीटला खिडकी एकच होती. लहानपणी खिडकी नेहमी सुनीताची. तिने चढता चढता माझ्याकडे बघितलं आणि बाजूला सरकली. मी खिडकीत बसले. लातूर येईपर्यंत उठले नाही.