पहिल्या अक्षता

तलावाकाठच्या रिसॉर्टमध्ये मी सफारीसाठी नवी टोपी घालून उभा होतो. बायको म्हणाली, "घरात पाल दिसली की खुर्चीवर चढता, आणि निघालात वाघ बघायला." तिथे भाकऱ्या करणाऱ्या सुमनबाई हसल्या आणि त्यांनी अक्षतांची पुडी माझ्या हातात ठेवली. जंगल राखायचं म्हणून त्यांचं गाव उठवलं होतं. गावदेव आतच राहिला.

"पोरीचं लगन आहे, दादा. पयल्या अक्षता देवाले वाहिल्याबिगर हळद नाही लागत. आमाले आत सोडत नाहीत, तुमाले सोडतेत."

जिथे जन्मल्या तिथे बाईंना मनाई, आणि तिकीट काढलेल्या भित्र्याला जीपमध्ये पुढची सीट.

जंगलात एका झाडाखाली देवाचा फिकट शेंदरी दगड दिसला. मी उतरू लागलो तर गाईडने दंड धरला. "खाली पाय ठेवायचा नाही, साहेब. नियम आहे." मग मी फोटो काढला. आमची भक्ती तेवढीच.

परतल्यावर पुडी आणि फोटो दोन्ही बाईंपुढे धरले.

"शेंदूर पार उडाला," त्या पुटपुटल्या. मोबाईल पाटावर ठेवून त्यांनी त्यावर अक्षता वाहिल्या, डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला. तेवढ्यात पडदा काळा झाला.

"दादा, त्यानं पायलं ना?"

मी हो म्हणालो. देवाला भेटून आलेला माणूस तिथे मी एकटाच होतो.