बोटीवरून आलेला पैलवान

ह्यांची बॅग घरी आली, तेव्हा तीत कपडे होते, दाढीचं सामान होतं, चष्मा होता आणि एका मोज्यात गुंडाळलेला प्लास्टिकचा पैलवान होता. वीतभरही उंच नाही. सुटलेलं पोट, खांद्यावर सोटा, पायाखाली गोल बैठक. मी त्याला ओळखत होते. हे सुट्टीवर आले की पहिल्याच दिवशी तो टीव्हीसमोर येऊन उभा राहायचा आणि हे पुन्हा बोटीवर निघाले की त्यांच्याबरोबर जायचा.

हे मालवाहू बोटीवर फिटर होते. संसाराची निम्म्याहून जास्त वर्षं ते पाण्यावर आणि मी दिवेआगरला, आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत. मूलबाळ झालं नाही. सासूसासरे गेल्यावर मी पुढच्या खोल्या पर्यटकांना द्यायला लागले. वादळात पोफळी आडव्या झाल्या, तेव्हाही हे तिकडेच अडकले होते. फोन लागल्यावर त्यांनी आधी छप्पर शाबूत आहे का ते विचारलं आणि मग मी कशी आहे ते. एकटं राहायची मला सवय होती, असं मी समजत होते. पण ती सवय कुणाची तरी वाट बघत राहण्याची होती. ती वेगळी.

परदेशातल्या एका बंदराबाहेर बोट नांगरून उभी असताना त्यांच्या छातीत कळ आली, आणि तेवढंच. पुढचं सगळं कंपनीच्या माणसांनी निस्तरलं. दिवसकार्य झालं, नातेवाईक आपापल्या गावी गेले. मग एक दिवस ह्यांच्याबरोबर इंजिनरूममध्ये काम करणारा थळचा एक गृहस्थ भेटायला आला. चहा झाला, बोलण्यासारखं संपलं, तेव्हा त्याची नजर कपाटातल्या पैलवानाकडे गेली.

हा पैलवान नेमका काय आहे ते मला तोवर नीट ठाऊक नव्हतं. त्याने समजावून सांगितलं. बैठकीत चिप आहे. गेमच्या रिमोटला पैलवान टेकवला की तो पडद्यावर उतरतो आणि आपला आपण लढतो, त्याला कुणी चालवावं लागत नाही. मालक जसा खेळेल तसं खेळायला तो शिकतो, आणि शिकलेलं सगळं ह्या बैठकीत राहतं. म्हणून तो बोटीवरच्या गेमच्या मशीनवरही चालायचा आणि आमच्या घरातल्याही.

त्याने मशीन लावलं आणि स्वतः त्याच्याशी एक डाव खेळला. पैलवान अंगावर धावून आला नाही. पार कडेला गेला, तिथे थोडा डावीउजवीकडे रेंगाळला आणि समोरचा जवळ आल्यावर एकच सोटा हाणला. समोरचा पडला, तसा हा दोन पावलं मागे सरकून थांबला. उठू दिलं त्याला.

थळकर रिमोट खाली ठेवून म्हणाला, "वहिनी, दादाच हाय ह्यो."

मला गेममधलं काही कळत नव्हतं, पण ते कळलं. आमचं भांडण झालं की हे असेच अंगणाच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. मी बोलून दमले की परत यायचे, आणि मला पुरतं बोलू दिल्याशिवाय एक शब्द काढायचे नाहीत.

त्यानंतर मी दुपारी खेळायला लागले. पाहुण्यांची जेवणं उरकली, भांडी घासून झाली की गाव डोळे मिटून पडलेलं असतं. वाडीत पंपाचा आवाज तेवढा असतो. मी कुठलीही बटणं दाबायचे, पडद्यावर उड्या मारायचे, हरायचे. एकदा त्याने सलग पाडलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, पुरे." मग मी उठून दार लोटून घेतलं. पडवीत पाहुणे होते.

डाव संपला की हे पैलवानाला पुन्हा रिमोटला टेकवायचे, ते मी कित्येकदा पाहिलं होतं. म्हणून मीही दर वेळी टेकवायचे. देवाला हात जोडावेत तसं.

थंडी पडायच्या सुमाराला तो बिघडल्यासारखा वाटायला लागला. कडेला जाऊन थांबेना. उगाच उड्या मारायचा, घाबरल्यासारखे सोटे हाणत सुटायचा, पडलेल्यालाही मारायचा. मी थळला फोन केला. त्याने विचारलं की डाव झाल्यावर त्याला टेकवता का. मी हो म्हटलं.

"वहिनी, टेकवलं की नवं शिकलेलं त्याच्यात उतरतं. तो आता तुमच्याकडनं शिकतोय."

"जुनं परत येतं का?"

"न्हाय."

शिकणं बंद करता येतं, ते कुठे करायचं, हे त्याने सांगितलं. मी लगेच बंद केलं. उरलंसुरलं तरी राहील, असं वाटलं.

पण मग दुसरंच होऊन बसलं. तो होता तिथेच राहिला आणि माझा हात बसत गेला. तो कधी उडी मारणार, कुठून येणार, ते मला आधीच समजायला लागलं. मी जिंकू लागले, आणि पुढेपुढे हरायचं म्हटलं तरी जमेना. एका दुपारी तो पडला तेव्हा मी मागे सरकून थांबले. तो उठला आणि पुन्हा त्याच वाटेने सरळ माझ्या सोट्यासमोर आला. मी रिमोट मांडीवर ठेवून बसून राहिले. बाहेर सुपाऱ्या वाळत घातलेल्या होत्या, त्या उलटायच्या राहून गेल्या.

संध्याकाळी मी त्याचं शिकणं परत चालू केलं.

आता तो जे खेळतो त्यातलं ह्यांचं कुठलं आणि माझं कुठलं, ते सांगता येत नाही. मधूनच कडेला जाऊन थांबतो. ते ह्यांचं उरलंय, की आताशा मीही तशीच थांबते म्हणून, कोण जाणे.

परवा थळकराचा फोन आला. तो पुन्हा बोटीवर निघालाय. मेसमधली माणसं पैलवानाची आठवण काढतात, पाठवाल का, म्हणून विचारत होता. मी नको म्हटलं. तो कारण विचारेल, त्याआधी मी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. त्याने ऑपरेशनचं सगळं सविस्तर सांगितलं आणि मी ते ऐकत राहिले.