दाढीच्या आरशातलं घर

निसर्गाकडे पाठ करून उभा राहणारा निसर्गचित्रकार माझ्या थोरल्या साडूंखेरीज जगात दुसरा झाला नसेल. एकोणीसशे नव्वदच्या आसपास शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरकीतून ते निवृत्त झाले आणि त्यांना लिनोचं वेड लागलं. लिनो म्हणजे जमिनीवर अंथरतात तो जाड, तपकिरी प्रकार. त्यावर चित्र कोरायचं, उरलेल्या उंचवट्याला शाई लावायची आणि वर कागद ठेवून घासायचं. कुठल्या ऑफिसात जुना लिनो उखडतायत असं कळलं की साडू तिथे हजर. थंडीत लिनो कडक होतो, म्हणून तुकडा बुडाखाली घेऊन ते तासन्‌तास बसत. पाहुणे आले तरी उठत नसत. "उठलो तर गार होईल," असं शांतपणे सांगत. कागद घासायला त्यांना बायकोची, म्हणजे माझ्या मेहुणीची, पळीच लागे, त्यामुळे शांती नगरातल्या त्यांच्या घरी वरणाला कायम छापखान्याचा वास यायचा.

विषय मात्र एकच, खाडीकाठचं मुर्धा गाव. आम्हा दोघांची सासुरवाडी. मिठागरं, भाताची खाचरं, ताड, आणि खाडीकडे तोंड केलेलं सासूबाईंचं कौलारू घर. पहिलं चित्र त्यांनी दिवाळीला सासूबाईंनाच भेट दिलं. सासूबाईंनी ते हातभर लांब धरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जावई, आमचं घर तुमी दिराच्या अंगाला नेऊन ठेवलंव?"

लिनोवर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. जन्मभर पोरांच्या चुकांवर लाल पेन्सिल फिरवलेला हा माणूस नेमकं तेच विसरला होता. बांधाच्या डावीकडचं घर उजवीकडे गेलं होतं, आणि तिथे राहणाऱ्या दिराचं तर सासूबाई तोंडही बघत नसत.

"चित्रात डावं-उजवं नसतं, आई," साडू म्हणाले.

"तुमच्यात नसल. आमच्यात त्याच्यावरनं कोर्ट हाय."

चित्र कपाटामागे गेलं. पण आम्ही निघताना सासूबाईंनी साडूंना दारात थांबवलं. "एक सुलटं करून द्या. ह्या घराचं आता काय खरं न्हाय." शेजारच्या मिठागरात भराव पडायला लागला होता आणि आमच्या मेहुण्याची बिल्डरशी बोलणी चालली होती. साडूंनी कबूल केलं.

त्यानंतर ते दाढीचा आरसा घेऊन मुर्ध्याला जाऊ लागले. आरशात गाव उलटं दिसे, ते तसंच लिनोवर उतरवायचं, म्हणजे छापल्यावर सुलटं येणार. गावाकडे पाठ करून, आरसा नाकासमोर धरून बांधावर उभा असलेला म्हातारा बघून भरावाचे ट्रकवाले हॉर्न द्यायचे. "चाचा, हीरो लग रहे हो!" एकजण ओरडला. साडू आरशातूनच त्याला म्हणाले, "भाई, थोडा बाजू हटो. मेरी सास का घर ढक गया."

आम्ही हा किस्सा सांगून खूप हसलो. पण दर खेपेला आरशातलं काहीतरी कमी होत होतं. आधी ताड गेले, मग मिठाचे ढीग. आठवणीतून काही घालायला साडू तयार नसत, आणि एकेक रेघ कोरायला त्यांना आता दुप्पट वेळ लागत होता. मी म्हटलं, "फोटो काढून ठेवू या ना."

"फोटो तू काढ. मी कबूल केलंय ते हे."

लिनो कोरून झाला आणि लगेचच घर पाडलं. सासूबाई शांती नगरला मेहुणीकडे राहायला आल्या. आता फक्त छापायचं राहिलं होतं. एका सकाळी साडू चहाला उठलेच नाहीत.

पुढे मी एकदा छापायचा प्रयत्न केला. कागदावर नुसता काळा डाग उमटला. तो बघून मेहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी तो नाद सोडला. लिनो पुसून ठेवायला घेतला, तर वरची शाई तशीच राहिली होती आणि कोरलेल्या फिक्या रेषांतून घर दिसत होतं. उलटं. मग मला तो आरसा आठवला.

सासूबाईंना खुर्चीत बसवलं, लिनो त्यांच्या छातीशी धरायला दिला आणि मी समोर आरसा घेऊन उभा राहिलो. आरशात खाली त्यांचं घर होतं आणि वर त्यांचा चेहरा. त्यांनी आधी बांधाची डावी बाजू बघून घेतली.

"आता जाग्यावर हाय," त्या म्हणाल्या. मग सवयीने, साडू कोरत बसायचे त्या आतल्या खोलीकडे मान वळवली. "थोरल्या जावयांना बोलवा. त्यांना बघू द्या."

मेहुणी उठून स्वयंपाकघरात गेली. मला त्या माणसाची इतकी आठवण आली, की हात भरून आला तरी आरसा खाली घ्यावासा वाटेना.