हळदीच्या पेढीवर लिनक्स

फौजेतून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आमच्याकडे परत आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, आणि मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. गाव आष्ट्याजवळ. फौजेच्या सिग्नल विभागात वीस वर्षं काढलेली, त्यामुळे कॉम्प्युटरचं बऱ्यापैकी कळत होतं. त्या जोरावर सांगलीत एका हळदीच्या पेढीवर ऑफिस सांभाळायचं काम मिळालं. पेढीत चार कॉम्प्युटर होते आणि चारही चोरीच्या सॉफ्टवेअरवर चालत होते. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. कॉम्प्युटर विकणाऱ्यानेच ते घालून दिलं होतं, वर एक कॅलेंडरही दिलं होतं.

मग एक दिवस ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. प्रत्येक कॉम्प्युटरचा परवाना तयार ठेवा, आमचा माणूस तीन-चार महिन्यांत तपासणीला येईल. शेठचे धाबे दणाणले. मी मात्र मनातून खूश झालो. मला फौजेत असल्यापासून लिनक्सचं वेड, आणि इतकी वर्षं माझं ऐकून घेणारं कुणी भेटलं नव्हतं. घरात विषय काढला की बायको गॅस बंद करायच्या निमित्ताने उठायची.

मी शेठपुढे भाषण ठोकलं. चोरीच्या सॉफ्टवेअरऐवजी लिनक्स घालू, ते फुकट आहे, कायदेशीर आहे, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलंय. आतला कोड सगळा उघडा, कुणीही वाचावा, कुणीही हवा तसा बदलावा. तिथं लपवाछपवी नाही.

शेठ म्हणाले, "फुकट देत्यात, वर आतलं सगळं दाखवत्यात. मग खात्यात काय ती लोकं?"

मी आणखी अर्धा तास बोललो. शेवटी ते म्हणाले, "घाला. पन काम थांबलं तर तुमी बघा."

रविवारी चारही कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं. सोमवारी दुपारपर्यंत तीन टेबलं सुरळीत झाली. बिलं करणाऱ्या बाई तर म्हणाल्या, आधीपेक्षा जलद चालतंय. चौथं टेबल दिवाणजींचं होतं.

दिवाणजी म्हणजे पेढीतलं सगळ्यात जुनं माणूस, सत्तरीला टेकलेले. कुठल्या गावची हळद, किती पोती, कुठल्या गोदामात, ही सगळी नोंद त्यांच्याकडे. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि कॉम्प्युटर सगळा इंग्रजीत. पण ते जुन्या बाजारातले. पूर्वी हळदीचा भाव रुमालाखाली ठरायचा. दोघांचे हात रुमालाखाली, कुठलं बोट कितीदा दाबलं त्यावर सौदा, आणि डोळे भलतीकडेच. दिवाणजींनी कॉम्प्युटर तसाच शिकून घेतला होता. डाव्या ओळीतलं तिसरं चित्र, मग वरून चौथी ओळ, मग उजवीकडे दोन घरं. काय लिहिलंय ते त्यांनी कधी वाचलं नाही, त्यांना जागा पाठ होत्या. माझ्या लिनक्सने नेमक्या सगळ्या जागा बदलल्या.

आठवडाभर ते माउसवर हात ठेवून बसून राहिले. मी शेजारी उभा राहून सांगायचो, ते मान हलवायचे आणि पुन्हा डाव्या ओळीतल्या तिसऱ्या चित्रावर जायचे. ते दाबलं की आता गाण्यांचा प्रोग्राम उघडायचा. शुक्रवारी एक भरायला आलेला ट्रक अर्धा दिवस फाटकात उभा राहिला, कारण माल कुठल्या गोदामात आहे ते दिवाणजींना सापडेना. शेठ मला म्हणाले, "पुढच्या सोमवारपतूर बघू. न्हाईतर दिवाणजींना घरी बसवू, लय झालं त्यांचं वय." दार उघडं होतं. दिवाणजींनी ते ऐकलं.

चहाच्या वेळेला ते माझ्याजवळ आले. "मेजर, घरात मला कोन काय इचारतंय? हितं तरी मानसं येऊन इचारत्यात, माल कुठं हाय म्हनून."

मला फार वाईट वाटलं. पेढीला सुधारायला निघालो होतो आणि एका म्हाताऱ्याची खुर्ची काढून घेत होतो. रविवारी एकटाच पेढीवर आलो. कुणीही हवा तसा बदलावा असं मी भाषणात म्हटलंच होतं, तेव्हा बदलायला बसलो. जुनं निळं चित्र मागे लावलं, जुनी चित्रं जुन्या जागी बसवली, खालची पट्टी तशीच केली. तिसरं चित्र दाबलं की दिवाणजींची फाइल उघडेल अशी व्यवस्था केली. स्वातंत्र्य म्हणून ज्याचे गोडवे गायले होते, ते सगळं मी जुन्याची हुबेहूब नक्कल करण्यात खर्च केलं.

सोमवारी दिवाणजी बसले, हात सवयीने गेला आणि फाइल उघडली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"जुनी शिस्टीम परत आनली व्हय, मेजर?"

खरं सांगायला दहा मिनिटं लागली असती. मी म्हणालो, "व्हय. तुमच्यासाठी आनली."

पुढचे तीन महिने मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. शेठला आणि बाईंना मी खरं सांगून ठेवलं होतं, दोघंही हसले होते. दिवाणजी मात्र येईल त्याला सांगायचे की मेजरनी माझ्यासाठी शेठला नमवलं. एकदा त्यांनी घरून मला मक्याची कणसं आणून दिली. ती मी खाल्लीही.

मग कंपनीचा माणूस आला. पुण्याचा, सभ्य, हातात छोटी यादी. तीन कॉम्प्युटर बघून त्याने तीन खुणा केल्या. चौथ्यापाशी थबकला. "आणि हे?"

"तेही लिनक्सच," मी म्हणालो. "फक्त दिसायला..."

दिवाणजी खुर्चीवरून उठले. "न्हाई साहेब," ते म्हणाले. "ही जुनीच हाय. मला नवी जमंना म्हनून मेजरनी ठेवली. काय दंड असंल तर माझ्या पगारातनं कापा. मेजरला काय बोलू नका."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण पेढी वाचवायची तर दुसरा मार्ग नव्हता. त्यांच्याच खुर्चीत बसून मी हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली, दोन शब्द टाइप केले आणि लिनक्सचं नाव पडद्यावर आणलं. पुण्याचा माणूस वाकून वाचू लागला, मग हसला. "नक्कल छान जमलीय," म्हणाला. चहा घेतला, चौथी खूण केली आणि गेला. शेठ तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

दिवाणजी उभेच होते. "म्हंजी तीन म्हैने मी नवीनच चालवतोय?"

"व्हय."

"शेठना ठावं हुतं? बाईंना?"

"व्हय," मी म्हणालो. "आवं, तुमची खुर्ची ऱ्हावी म्हनून केलं. माफ करा."

"खुर्ची ऱ्हायली की," ते म्हणाले. "पन मला शिकायला यायचं न्हाई हे तुमी कवा ठरवलं?"

मी त्यांच्या खुर्चीतून उठलो. ते बसले आणि फाटकातल्या ट्रकाची नोंद करू लागले.

आता ते रोज सकाळी आले की खुर्चीत बसण्याआधी सगळ्यांसमोर मला विचारतात, "मेजर, आज कुठली हाय?" मी म्हणतो, लिनक्स. ते "बरं" म्हणतात, आणि वळून बाईंना विचारतात, "खरं का, बाई?"