हद्दीबाहेरचा हिशोब

पडदा वर जातो. साउथ डकोटातलं एल्सबर्ग गाव. मार्चची दुपार, पण हिमवादळानं उजेड करडा केलाय. डावीकडं बंद पडलेलं नाट्यगृह. तिथं मी उमेदीच्या काळात राजे आणि चोर रंगवले. त्याला लागून आर्विला चेटरची हिशोबाची कचेरी.

आर्विलाइतकी चोख बाई मी पाहिली नाही. आमच्या राज्यात बुटांवर लागतो तसा हिशोबनिसाच्या मेहनतान्यावरही विक्रीकर लागतो. काम जिथं गिऱ्हाइकाच्या हाती पडतं, तिथला कर: राज्याचा, आणि गावात असेल तर वर गावाचाही. म्हणून ती प्रत्येकाला विचारायची, "काम कुठं घेणार? गावात, की हद्दीबाहेर?"

तिचा भाऊ लोरेन्झही हिशोबनीसच. काही वर्षांपूर्वी एका शेतावर कामाला निघाला आणि वादळात नाहीसा झाला. गाडी सापडली, तो नाही. तेव्हापासून आर्विला त्याच्या नावानं कर खात्याकडं शून्य विक्रीचं विवरण भरत होती. विवरण आहे तोवर धंद्याचा परवाना आहे, आणि परवाना आहे तोवर लोरेन्झ आहे.

"आता सोड त्याला," त्या दुपारी तिच्या कचेरीत बसून मी म्हणालो.

"नटवर्य, तू अजून गालाला रंग लावून दूध आणायला जातोस. मला शिकवू नकोस."

दार उघडलं. जाड कोट घातलेला एक अनोळखी माणूस शेगडीशेजारी बसला.

"लोरेन्झनं या हिवाळ्यात माझा हिशोब केला. त्याचे पैसे द्यायचेत, करासकट." त्यानं नाणी मेजावर ठेवली.

त्याच्या खांद्यावरचा बर्फ वितळत नव्हता. मी दोन पावलं मागं सरलो. आर्विलाचा आवाज मात्र हलला नाही.

"कसा आहे तो?"

"काम चोख. हात तेवढे गार असतात. आणि हातात काम असलं की जेवायला उठत नाही."

"लहानपणापासून तसाच," ती म्हणाली. मग सवयीनं पेन उचललं. "काम कुठं मिळालं तुम्हाला? गावात?"

"नाही."

"मग राज्याचा तरी कर लागेल."

"बाई, तिथवर राज्य पोचत नाही."

पेन थांबलं. काम राज्याबाहेर हाती पडलं तर आमचा कर लागत नाही, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. तिनं मेहनताना ठेवून घेतला आणि कराची नाणी त्याच्याकडं सरकवली.

तो गेला. खुर्चीखालची फरशी कोरडी होती.

आर्विलानं कर खात्याला फोन लावला. "लोरेन्झ चेटरचा परवाना रद्द करा. नाही, धंदा बुडाला नाही. तो राज्याबाहेर गेलाय."

पलीकडून नवा पत्ता विचारला असावा. तिनं खिडकीबाहेरच्या पांढऱ्याकडं पाहिलं.

"पत्ता नाही माझ्याकडं. पण गिऱ्हाईक खूश आहे."