लॅपटॉप उजेडात बघू द्या

बीडमध्ये ग्राफिक डिझाईनचा क्लास चालवणाऱ्या माणसाला लोक डिझाईनबद्दल फारसं विचारत नाहीत. ते एकच विचारतात, "सर, लॅपटॉप कोणता घ्यावा?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात. एकदा न्हाव्यानं गालाला वस्तरा लावून विचारलं. अशा वेळी उत्तर लवकर सुचतं. या विचारण्यातून किस्से साठत गेले. ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साठतात तसे. ठेवले कधी ते कळत नाही आणि टाकवत तर मुळीच नाहीत.

चकलांब्याहून एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. "सर, पोराला लॅपटॉप घ्यायचाय. किती वजनाचा घेऊ?"

मी म्हटलं, "काका, वजन कुणी बघत नाही. रॅम बघा, प्रोसेसर बघा."

"ते मशिनीचं झालं," काका म्हणाले. "पोरगं रोज एष्टीत उभं राहून येतंय. मला त्याच्या खांद्याचं बघायचंय."

त्या दिवसापासून मी आधी विचारतो, क्लासला येता कशानं?

वैभव मांजरसुंब्याचा. तिथं त्याच्या मामाचा ढाबा आहे. चुलतभावाचा जुना लॅपटॉप त्याला फुकट मिळाला होता, पण स्क्रीन पार फिकी पडलेली. वैभवनं त्यावर मामासाठी शेवभाजीचा बोर्ड केला. स्क्रीनवर रस्सा फिका दिसतोय म्हणून त्यानं लाल रंग वाढवला, मग आणखी वाढवला. फ्लेक्स छापून आल्यावर मामा बराच वेळ बघत राहिला.

"बे, ह्यो रस्सा हाय का रंगपंचमी?"

वैभव क्लासमध्ये येऊन तोंड पाडून बसला. मी त्याला स्क्रीनचे रंग आणि छपाईचे रंग कसे जुळवायचे ते समजावलं, नवीन फाईल करून दिली. आठवड्यानं विचारलं, बोर्ड बदलला का?

"न्हाई सर. ट्रकवाले बोर्डाकडं बोट करून 'वही लाल वाली देना' म्हणायलेत. मामानं रस्सा बदलला."

हे ऐकून सगळे हसत होते तेव्हा मागच्या बाकावरची कोमल हसली नाही. तिनं विचारलं, "म्हंजी सर, लॅपटॉप घेताना आधी रंग बघायचा?"

कोमल शिरूर कासारची. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. तिच्याकडे लॅपटॉप नव्हता. दुसऱ्यांचं काम संपलं की ती क्लासच्या मशीनवर बसायची आणि झाडू मारायची वेळ झाली तरी उठायची नाही. तिचा हात चांगला होता. अक्षरांमध्ये जागा किती सोडायची हे तिला शिकवावं लागलं नाही.

दसऱ्याच्या आधी तिचे वडील, आसाराम, मला भेटायला आले. खुर्चीत बसले नाहीत.

"सर, आमी दसरा झाला की कारखान्यावर जाणार. पोरीला घरी काम मिळत आसंल तर चुलतीपाशी ठिवतो. न्हाईतर संगं नेतो. तुमी सांगा."

शिरूरमधला एक फ्लेक्सवाला तिला डिझाईनचं काम द्यायला तयार होता. अट एकच होती, लॅपटॉप स्वतःचा पाहिजे. मी तसं सांगितलं. आसाराम म्हणाले, "मग चला, बघू."

आमच्या क्लासखालीच मुजीबभाईंचं दुकान आहे. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले लॅपटॉप आणायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. डिझाईनच्या पोरांना मी तिथंच पाठवतो. कमी पैशात कामाचं मशीन मिळतं आणि पुढं रॅमही वाढवता येते.

कोमलच्या मावसभावानं मात्र आधीच एक गेमिंगचा लॅपटॉप पसंत केला होता. मुजीबभाईंनी तो काढून दाखवला. कीबोर्डखाली लाल, निळे, जांभळे दिवे पळत होते.

आसारामनी ते पळणारे दिवे शांतपणे बघितले. "हे कावून लागतेत? तिला अक्षरं दिसतेत की."

मावसभाऊ म्हणाला, "काका, रात्रीला भारी दिसतंय."

"भारी दिसायला आमच्यात लाईट राहती का?" मग ते मुजीबभाईंकडे वळले. "भाई, लाईट गेल्यावर जो सगळ्यात जास्त चालतो तो काढा."

इतकी वर्षं मी शिकवतोय. प्रोसेसर विचारणारे लई भेटले. हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला.

मुजीबभाईंनी जुने पण नवी बॅटरी टाकलेले तीन लॅपटॉप मांडले. कोमलनं पिशवीतून पेनड्राईव्ह आणि एक छापील लग्नपत्रिका काढली. क्लासमध्ये तिनंच केलेली, मरून रंगाची, कडेला सोनेरी वेल. तिनं तिन्ही लॅपटॉपवर तीच फाईल उघडली आणि छापलेली पत्रिका प्रत्येक स्क्रीनला लावून बघू लागली.

मुजीबभाई हसले. "बेटा, लॅपटॉप ले रही है के ब्लाऊजपीस?"

इतका वेळ दारात बसलेली कोमलची आई, चंद्रकलाबाई, तेवढ्यात उठून आत आली. "मॅचिंग बघायलीस व्हय? मग हितं दुकानात काय कळायलंय? बल्बात सगळंच चांगलं दिसतं. भाई, उजेडात बघू द्या."

मुजीबभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

शेवटी मुजीबभाईंनी आणि मी तिन्ही लॅपटॉप उघडेच्या उघडे उचलून बाहेर ओट्यावर नेले. रस्त्यावरचे चार लोक थांबले. मायलेकी पत्रिका घेऊन या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर. पहिल्याचा मरून चॉकलेटी निघाला. दुसरा सरळ बघितला की बरा, वाकडं बघितलं की काळा. तिसऱ्यावर दोघींनी एकदमच बोट ठेवलं.

तो दिसायला सगळ्यात रया गेलेला होता. झाकणावर ओरखडे, एका कोपऱ्याला पोचा. मुजीबभाई म्हणाले, "स्क्रीन इसकीच अच्छी है. पर पोचेकी वजह से कोई लेताच नहीं था."

चंद्रकलाबाई म्हणाल्या, "पोचा भाईरून हाय. तिला आतून काम हाय."

मुजीबभाईंनी त्यात जास्तीची रॅम बसवून दिली आणि तिच्या पैशांचा विषयच काढला नाही. त्यानंतर दुकानाच्या ओट्यावर त्यांनी एक टेबल कायमचं टाकलं. कुणी विचारलं की सांगतात, "स्क्रीन बाहर देखने की. मेरा उसूल है."

कोमल चुलतीपाशी राहिली. हंगाम निम्मा झाला असेल, मी कामानं शिरूरला गेलतो तेव्हा त्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानात डोकावलो. कोमल लॅपटॉप घेऊन बसली होती आणि शेजारी तिच्या आईवडिलांच्या टोळीचा मुकादम उभा होता. कारखान्यावरून दोन दिवसांसाठी गावी आलेला. त्याचा वाढदिवस होता, त्याचा फ्लेक्स चालला होता. मधे त्याचा गॉगल घातलेला मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. कुणी मोबाईल कानाला लावलेला, कुणी हात जोडलेला.

मुकादम बोट फिरवत एकेक चेहरा तपासत होता. शेवटच्या कोपऱ्यात बोट थांबलं. डोक्यावर पदर, तोंडावर हसू नाही.

"ही तुझी आई न्हवं?"

"हो."

"हितं कावून?"

कोमलनं माऊसवरचा हात काढला नाही. "तुमीच म्हणलात, टोळीतले सगळे टाक."

फ्लेक्सवाल्यानं मशीन बंद केलं. शुभेच्छुकांच्या रांगेत ऊसतोड बाईचा फोटो शिरूरमध्ये कुणी बघितला नव्हता. मीही बीडमध्ये बघितला नव्हता. मुकादम वाकून स्क्रीनच्या अगदी जवळ गेला. गॉगल काढून परत बघितलं.

"सगळ्याच्या आधी फडात ही उतरती," तो म्हणाला. "हिचा फोटो एवढा बारीक कावून केलास?"