सरकणारे फोटो

हे मी आईला सांगितलेलं नाही. आबांना तर नाहीच. होस्टेलवर माझा सगळ्यात जवळचा जो मित्र आहे त्याला अर्धं माहीत आहे, आणि ते अर्धंही मी मला सोयीचं पडेल असं सांगितलं आहे. आज पूर्ण सांगायला बसलोय. जमेलच असं नाही. मधेच कुठं मी स्वतःला सावरून घेतोय असं वाटलं तर तसंच समजा. ती माझी सवय आहे.

कुठून सुरू करू? शुभांगीपासूनच करतो.

मी मांडवगण फराट्याचा. आमच्या घरात मेंढरं होती. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी कळपामागं कोकणापर्यंत चालत जायचे. आता मेंढरं नाहीत, थोडी शेती आहे. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला. कॉलेज नदीपलीकडं, दौंड तालुक्यात. शुभांगी वरवंडची. बीएला होती, मी बीएस्सी कॉम्प्युटरला. तिची दृष्टी लहानपणीच गेलेली. हायवेला तिच्या भावाचं टायरचं दुकान आहे, आणि बीए झालं की बास, मग घरी बसायचं, असं भावानं आधीच सांगून ठेवलं होतं.

तिच्या फोनमध्ये पडदा वाचून दाखवणारा आवाज होता. तो आता सगळ्याच फोनमध्ये असतो, पण आपल्याला गरज नसते म्हणून आपण तो कधी चालू करत नाही. बोट उजवीकडं सरकवलं की तो पुढची गोष्ट वाचतो. हवं ते बटण आलं की पडद्यावर कुठंही दोनदा टकटक करायचं, ते उघडतं. शुभांगी तो आवाज इतक्या वेगानं ऐकायची की मला त्यातला एक शब्द कळायचा नाही. पडदा मात्र काळाच ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, "मला उजेडाचं काय करायचंय? चार्जिंग तरी वाचतंय."

दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय तिनंच दिला. स्टँडवर वेळापत्रकाची पाटी आहे, ती तिला काय कामाची? दर वेळी कुणाला तरी विचारा. मग मी आमच्या भागातल्या एसटीच्या वेळांची वेबसाइट करायची असं ठरलं. ॲप नाही, कारण तिच्या फोनमध्ये ॲपला जागाच नव्हती. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडणारं साधं पान. गाव निवडायचं, बटण दाबायचं, वेळा ऐकायच्या.

साधं म्हणालो, पण मला ते साधं करता येत नव्हतं. मी बटणांच्या जागी छान छान चित्रं टाकायचो. तिच्या फोनवर आवाज नुसताच 'बटण, बटण, बटण' म्हणायचा — कसलं बटण, ते नाही. त्याला ती मुकं बटण म्हणायची. एकदा म्हणाली, "इंजिनिअर, तुझं पान लग्नाच्या पंगतीसारखं हाय. सगळी एकदम बोलत्यात, मला कोण वाढतंय तेच कळंना." ती मला इंजिनिअरच म्हणायची. मी नव्हतो. पण ऐकायला बरं वाटायचं, म्हणून कधी दुरुस्त केलं नाही.

लॅबच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसून तिनं ते पान माझ्याकडून कितीदा तरी बदलून घेतलं. तिचा एक नियम होता. "मी हलल्याबिगर तुझं पान हललं न्हाई पायजे." म्हणजे वाचता वाचता आपोआप काही उघडायचं नाही, सरकायचं नाही. तसं झालं की आवाज तिला सोडून भलतीकडंच पळतो, आणि ती कुठं होती तेच तिला कळत नाही. आपण वाचत असताना कुणी पुस्तक हिसकून पहिल्या पानावर उघडून हातात दिलं, तर कसं वाटेल? तसं.

हा नियम मला माहीत होता. हे इथंच लिहून ठेवतो, कारण पुढं हे मी विसरलो होतो असं दाखवायचा मोह मला होणार आहे.

प्रोजेक्टच्या प्रदर्शनाला पुण्यातल्या एका कंपनीतले साहेब येणार होते. लोकांच्या वेबसाइट अंध माणसाला फोनवर नीट वापरता येतात की नाही, हे तपासायचं त्यांच्याकडं काम होतं आणि त्यांना त्यासाठी एक शिकाऊ माणूस हवा होता. काम घरून. पुढं कायमचं होण्यासारखं. आमच्या सरांनी त्यांना शुभांगीचंच नाव सांगितलं होतं. वेबसाइट मी दाखवायची, पण वापरून दाखवायची तिनं. साहेब तिलाच बघायला येत होते. तिला ते माहीत होतं. मलाही होतं. ती म्हणायची, "लागू दे नोकरी, मग वहिनीला सांगते — मीटिंगमधी हाय, च्या इथंच आण." आणि स्वतःच हसायची. पण त्या आठवड्यात ती फोनवर सारखी सराव करत होती — हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं.

मला काय वाटत होतं? तिचं व्हावं असंच वाटत होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण आबा येणार होते. आबांनी पहिल्यांदाच कॉलेज बघायचं ठरवलं होतं. ते तिसऱ्या रांगेत बसलेले असताना सगळ्यांनी एका आंधळ्या मुलीकडं बघायचं आणि मी बाजूला माइक धरून उभं राहायचं — हेही मनात होतं. नव्हतं असं कसं म्हणू?

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सरांनी माझं पान त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडलं आणि म्हणाले, "अरे, हे मोकळं मोकळं दिसतंय. संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो कुठाय? पाहुण्यांचा कुठाय?" आमच्याकडं वाढदिवस असो नाहीतर नळाची तोटी बसवलेली असो, फ्लेक्सवर वरती ओळीनं फोटो लागतात. वेबसाइट म्हणजे आणखी एक फ्लेक्सच. सरांचंही काही चुकलं असं मी म्हणत नाही. फोटो नुसते लावूनही चाललं असतं. पण मी इंटरनेटवरून एक तयार पट्टी उचलली — अध्यक्ष, प्राचार्य, पाहुणे, एकामागून एक आपोआप सरकणारे फोटो. दिसायला झकास. सर म्हणाले, "वा!"

आणि मी ते तपासलं. हे कुणालाच माहीत नाही. लॅबमध्ये मी माझ्या फोनवर तो आवाज चालू केला आणि बोट सरकवलं. 'गाव निवडा'पर्यंत आलो आणि वर फोटो बदलला. आवाज तिथून उडाला — 'प्रतिमा. माननीय अध्यक्ष.' मी परत खाली आलो. परत उडाला. मी आवाज बंद केला.

बाहेर कट्ट्यावर शुभांगी कानात इअरफोन घालून बसली होती. तिच्या फोनवर आधी उघडलेलं जुनं पान होतं, त्यावरच तिचं बोट भराभर चालत होतं. मी तिच्यासमोरून गेलो. माझ्या चपलांचा आवाज ती ओळखायची. त्या दिवशी कानात इअरफोन होते. तिला जमेल, असं मी मनात म्हटलं. ती हुशार आहे, काढेल वाट. खरंच तसं वाटलं होतं का? की सांगितलं असतं तर पट्टी काढावी लागली असती, आणि 'वा' परत द्यावं लागलं असतं?

हॉल भरला. तिचा फोन स्पीकरला जोडला. लोकांना कळावं म्हणून तिनं आवाजाचा वेग मुद्दाम कमी केला होता. तिनं पान नव्यानं उघडलं, बोट सरकवलं. 'गाव निवडा.' आणि लगेच — 'प्रतिमा. माननीय अध्यक्ष.' ती थांबली. परत खाली आली. 'प्रतिमा. माननीय प्राचार्य.' पुन्हा. 'प्रतिमा. माननीय अध्यक्ष.' मागून कुणीतरी ओरडलं, "अध्यक्ष सोडंनात की तिला!" आणि सगळा हॉल हसला. तिचं बोट आता पडद्यावर नुसतं भिरभिरत होतं. मान माझ्या बाजूला वळली होती. मी कुठं उभा आहे ते तिला माहीत होतं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी सरळ मला विचारलं, "वेबसाइटमध्ये काही प्रॉब्लेम आहे का?"

एवढाच प्रश्न. हो म्हणायचं होतं. सर, सकाळी मी एक चूक केलीय, दोन मिनिटं द्या. माझे थोडे मार्क गेले असते, दुसरं काय गेलं असतं?

मी म्हणालो, "नाही सर, साइट बरोबर आहे. हिला अजून फोनचा तेवढा सराव नाही."

माइक माझ्याच हातात होता. सगळ्यांनी ऐकलं. मग मी तिच्या हातातून फोन घेतला, पडदा उजळ केला, आवाज बंद केला आणि डोळ्यांनी बघून बटण दाबलं. वेळा उघडल्या. टाळ्या वाजल्या. कुणी विचारलं नाही की डोळ्यांनी बघून दाबायचं तर हा सगळा खटाटोप कशासाठी होता?

शिकाऊ जागा मला मिळाली. "मॅडमना अजून थोडं तयार होऊ द्या," असं साहेब सरांना म्हणाले. आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता, डोळे पुसत होते. नंतर बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरीला आधी नीट शिकवायचं हुतं की रं. तिला येळ लागणारच." मी म्हणालो, "व्हय, आबा."

तुम्हाला वाटेल, कबुली ती हीच. मीही होस्टेलवरच्या मित्राला इथवरच सांगितलं होतं — घाबरलो, तोंडातून गेलं, काय करणार. पण भीतीनं एक वाक्य तोंडातून जातं. त्यानंतर जे केलं ते घाबरून केलेलं नाही.

आबांना चहाच्या टपरीवर बसवून मी परत लॅबमध्ये गेलो. ती पट्टी काढली. पान पुन्हा होतं तसं केलं — शुभांगीनं करून घेतलं होतं, अगदी तसं. मग स्टँडवर गेलो. ती वरवंडच्या गाडीची वाट बघत एकटीच उभी होती. माझी चाहूल लागली.

"इंजिनिअर, खरं सांग. सकाळी पानात काय बदललं हुतंस का?"

"नाही."

"कायच न्हाई?"

"नाही, ताई. काहीच नाही."

त्याआधी मी तिला कधी ताई म्हटलं नव्हतं. ते त्या क्षणी कुठून आलं, कुणास ठाऊक.

तिनं हातातला फोन पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, "मग माझंच बोट चुकलं आसंल." गाडी आली. मी तिला दारापर्यंत सोडलं, कंडक्टरला नीट उतरवा म्हणूनही सांगितलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. घरी जाऊन तिनं पान उघडून बघितलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. "सगळं बरूबर चालतंय रं. तुझ्यावर उगाच शंका घेतली. मीच घाबरले आसंन." आणि मग, "जाऊ दे, एकाला तरी मिळालं. पेढे आण."

मी पेढे नेले. तिनं खाल्ले.

तिनं बीए पूर्ण केलं आणि ती घरी बसली. मधे सरांनी तिला बोलावलं होतं — कॉलेजात दृष्टी नसलेली दोन मुलं आली होती, त्यांना फोन वापरायला शिकवशील का म्हणून. ती सरांना म्हणाली, मला अजून तेवढा सराव नाही. सरांनी मला हे सहज सांगितलं. शब्द माझेच होते. जसेच्या तसे.

मी आता एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्या कंपनीचं काम अजून करतो. पडदा काळा करून, कानात इअरफोन घालून लोकांची पानं तपासतो. मुकी बटणं शोधतो. आपोआप काही सरकत असेल तर तसा शेरा मारतो. कामात माझं नाव चांगलं आहे. त्यातलं मला जे येतं ते सगळं त्या कट्ट्यावरचं आहे.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. कुठल्याशा परीक्षेला नाव नोंदवायचं होतं आणि ब्राउझरमध्ये पुढचं बटण काही सापडत नव्हतं. "माझं काय चुकतंय, तेवढं बघ." मी तिथल्या तिथं पान उघडलं आणि पडदा काळा करून बोट फिरवलं. बटण मुकंच होतं. मी म्हणालो, "ताई, तुझं काही चुकत नाही. साइटच चुकीची आहे."

ती हसली. "तू आपलं मला बरं वाटावं म्हणून म्हणतोस. माझ्या बोटाचं मला म्हाईत हाय. ऱ्हाऊ दे, वहिनीला सांगते दाबायला."

तिनं फोन ठेवला नव्हता. ती वाट बघत होती. मागं हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता. सांगायचं ते सगळं जिभेवर आलं होतं — फोटोंची पट्टी, लॅब, स्टँड.

"ताई, मला मीटिंग आहे," मी म्हणालो. "ठेवतो."

मीटिंग नव्हती.